सकाळची पाच मिनिटं आणि दोन डोळे

मध्यंतरी एका सकाळी आरशासमोर बसताना मी फोनवर स्टॉपवॉच लावलं. डोळ्यांच्या मेकअपला आपल्याला ‘पाचेक मिनिटं’ लागतात, असा माझा कित्येक वर्षांचा समज होता. उठले तेव्हा ११ मिनिटं होऊन गेली होती. त्यातली प्रत्यक्ष लावण्यात जेमतेम चार गेली. तीन मिनिटं आज कुठला रंग लावू या विचारात आणि पाऊचच्या तळाशी गेलेली पेन्सिल शोधण्यात. उरलेली चार डाव्या डोळ्याचं लायनर उजव्याच्या बरोबरीला आणण्यात. उजवं जरा जाड झालं म्हणून डावं जाड केलं, मग डावं पुढे गेलं म्हणून उजवं. शेवटी दोन्ही डोळे नाटकातल्या खलनायिकेसारखे दिसायला लागले. मी सगळं पुसलं आणि नुसतं काजळ लावून निघाले.

त्या दिवशी एक हिशेब कळला. हात भरभर चालवून फार वेळ वाचत नाही. ठरवणं आणि दुरुस्त करणं, या दोन गोष्टी सकाळच्या वेळेतून बाद करता आल्या तर मात्र पाच मिनिटं खरोखर पुरतात. ठरवायचं काम आदल्या रात्रीवर ढकलता येतं. दुरुस्ती टाळायची तर चूक पोटात घालणाऱ्या वस्तू निवडायच्या. काळंकुळकुळीत लिक्विड लायनर केसभर चुकलं तरी लगेच चारचौघांत दिसतं. तपकिरी पेन्सिल चुकली तर बोटाने पसरवायची, झालं. गडद आयशॅडोचा डाग पडतो, त्वचेपेक्षा जेमतेम एक छटा गडद असलेला मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग कसाही लावला तरी सावलीसारखाच दिसतो. पुढचं सगळं या एका निकषावर बेतलेलं आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. मराठीत आपण डोळ्यावरच्या कातडीलाही पापणी म्हणतो आणि तिच्या केसांनाही. घोटाळा नको म्हणून इथे पापणी म्हणजे कातडी, आणि केसांना पापण्यांचे केस असंच म्हणते.

आदल्या रात्रीचं काम

मोठा पाऊच कपाटात राहू द्या. सकाळसाठी एक छोटा वेगळा पाऊच करा आणि त्यात एवढंच ठेवा: भुवयांची पेन्सिल, कन्सीलर (काळपटपणा झाकणारं, त्वचेच्या रंगाचं क्रीम), एक क्रीम आयशॅडो स्टिक, एक तपकिरी किंवा करडी आय पेन्सिल, आयलॅश कर्लर (पापण्यांचे केस वर वळवणारा चिमटा), मस्कारा (त्याच केसांना लावायचा रंग) आणि चार-पाच इअरबड. आयशॅडोची बारा रंगांची पेटी यात मुद्दाम नाही. पेटी उघडली की निवड आली, आणि निवड आली की मिनिटं गेली.

रंग एकदाच ठरवायचा आणि निदान आठवडाभर तोच लावायचा. नेहमीच्या वापराला मातकट तपकिरी, तांबूस तपकिरी किंवा करड्याकडे झुकणारा जांभळट रंग निवडला तर तो जवळपास सगळ्या कपड्यांवर चालतो. डोळे वारंवार लाल होत असतील किंवा झोप अपुरी राहात असेल तर गुलाबी आणि लालसर छटा टाळा, त्यांच्यामुळे डोळ्यांतला लालसरपणा जास्तच उठून दिसतो. पेन्सिल काळीच हवी असा हट्ट असेल तर निदान जिलेटिनसारखी चकचकीत नको, मऊ मॅट घ्या. पण माझं मत विचाराल तर सकाळच्या घाईला तपकिरीच. गडद तपकिरी रंग दोन हातांवरून काळाच वाटतो आणि पसरला तर डाग न दिसता सावली दिसते.

पेन्सिलला टोकही रात्रीच करून ठेवा. टोक केलं की वरचा जुना थर निघून जातो, तेवढीच स्वच्छताही होते.

उजेड आणि आरसा

डोक्यावरच्या दिव्याखाली मेकअप करू नका. तो उजेड वरून पडतो, भुवयांची सावली डोळ्यांवर येते आणि आपण त्या सावलीशीच झगडत बसतो. खिडकीकडे तोंड करून बसा, उजेड समोरून येऊ द्या. पिवळ्या बल्बखाली तपकिरी आणि केशरी रंग फिके वाटतात, म्हणून हात सैल सुटतो आणि बाहेर उन्हात गेल्यावर भुवया बोलायला लागतात.

दुसरी युक्ती आरशाची. भिंतीवरच्या आरशात बघत लायनर लावताना आपण डोळा अर्धवट मिटतो, तोंड उघडतो आणि दुसऱ्या हाताने पापणी कानाकडे ओढतो. ओढलेल्या कातडीवर रेघ सरळ येते खरी, पण हात सोडला की ती चुरगळते. त्यापेक्षा छोटा आरसा हनुवटीच्या खाली, टेबलावर ठेवा आणि खाली बघा. पापणी आपोआप ताणली जाते, डोळा उघडाच राहतो आणि दुसरा हात मोकळा. कोपर टेबलावर, करंगळी गालावर टेकवलेली: एवढ्याने हात थरथरायचा बराचसा थांबतो.

क्रम

कॉन्टॅक्ट लेन्स घालत असाल तर हात धुऊन त्या आधी घाला, मेकअप नंतर. रात्री उलट: आधी लेन्स काढायच्या, मग मेकअप. चेहऱ्याला क्रीम किंवा सनस्क्रीन लावलं असेल तर डोळ्यांना हात लावण्याआधी ते मुरू द्या. तोवर केस विंचरा, डबा भरा, काय हवं ते करा. ही वाट बघण्याची मिनिटं पाचात धरलेली नाहीत.

पहिल्या भुवया, ४५ सेकंद. बऱ्याच जणी भुवया शेवटी करतात. मी आधी करते, कारण भुवया नीट झाल्या की चेहऱ्याला चौकट मिळते आणि बाकीचं कमी लावलं तरी चालतं. पेन्सिल नाकपुडीच्या कडेला उभी धरा, ती वर जिथे टेकेल तिथून भुवई सुरू. तीच पेन्सिल नाकपुडीपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे तिरकी धरा, तिथे भुवई संपते. हे मोजमाप रोज करायचं नाही, एकदा कळलं की झालं. रोज फक्त विरळ जागा केसांच्या दिशेने बारीक रेघांनी भरायच्या. सुरुवातीचा भाग सर्वांत शेवटी आणि सर्वांत हलका, कारण तिथे हात जड पडला की चेहरा रागावलेला दिसतो. शेवटी भुवयांच्या ब्रशने वर विंचरा. रंग केसांपेक्षा थोडा फिका असलेला बरा.

मग पापणी एकसारखी करायची, ३० सेकंद. पापणीवर बारीक निळसर शिरा आणि काळपटपणा असतो. इथली कातडी शरीरावरची सर्वांत पातळ, साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणून खालचं सगळं दिसतं. कन्सीलरचा तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका अनामिकेने थापटून पसरवा. अनामिकाच का, तर या बोटाचा दाब सगळ्यांत कमी पडतो. घासायचं नाही, थापटायचं. डोळ्यांखालचा निळसर काळेपणा जास्त असेल तर नुसतं फिकं कन्सीलर लावून तो राखाडी दिसतो. आधी पीच किंवा केशरी छटेचा करेक्टर पुसटसा लावला तर निळा रंग मारला जातो आणि वर कन्सीलर थोडंच पुरतं.

तिसरी पायरी आयशॅडो, एक मिनिट. क्रीम स्टिकने पापणीवर, पापण्यांच्या केसांना लागून दोन-तीन रेघा ओढा आणि बोटाने वरच्या दिशेने पसरवा, पापणीच्या घडीच्या किंचित वरपर्यंत. कड जिथे संपते तिथे स्वच्छ बोट फिरवा, म्हणजे सीमारेषा दिसत नाही. एका वेळी एकच डोळा पूर्ण करा. या स्टिकमधले पातळ घटक काही सेकंदांतच उडून जातात आणि रंग जागच्या जागी बसतो. दोन्ही डोळ्यांवर आधी रेघा ओढून ठेवल्या तर दुसरा डोळा पसरवायला घेईपर्यंत तो वाळून बसलेला असतो. लावल्यावर अर्धा मिनिट भुवया उंचावून वर बघू नका, नाहीतर घडीत रेघ उमटते. पापणी फार ओशट असेल तर वरून त्याच रंगाची पावडर शॅडो किंवा साधी पावडर हलकेच दाबा.

चमक हवी असेल तर बोटाच्या टोकावर घेऊन फक्त पापणीच्या मध्यावर एकदा टेकवा. बुब्बुळाच्या बरोबर वर उजेड पडला की डोळा गोल आणि जागा दिसतो. मोठ्या कणांची चकाकी मात्र सकाळी नकोच. ती दिवसभर गळते आणि कण डोळ्यात गेला तर बुब्बुळावर ओरखडाही पडू शकतो.

पेन्सिल: इथे जरा थांबू

सकाळचा सर्वांत जास्त वेळ लायनर खातं, आणि त्याचं कारण म्हणजे आपण अखंड रेघ ओढायला जातो. अखंड रेघेची गरजच नाही. पापण्यांच्या केसांच्या मधल्या फटी भरल्या की काम होतं. आरसा खाली, नजर खाली. बाहेरच्या कोपऱ्यापासून सुरुवात करा. पेन्सिलचं टोक केसांच्या मुळाशी टेकवा आणि किंचित हलवा, मग थोडं आत सरका, पुन्हा टेकवा. ठिपके, ठिपके, ठिपके. मध्यापर्यंत आलात की दाब कमी करा, आतल्या कोपऱ्याच्या आधीच थांबा. आता इअरबड किंवा छोटा ब्रश त्या ठिपक्यांवरून बाहेरच्या दिशेने एकदाच फिरवा. ठिपके एकमेकांत मिसळतात, कड मऊ होते. जवळून पाहिलं तर ही रेघ नसतेच, केसच दाट उगवलेत असं वाटतं.

याचा दुसरा फायदा म्हणजे दोन डोळ्यांची बरोबरी करावी लागत नाही. धूसर कडेची जाडी कुणी मोजत नाही. तरीही टोक बाहेर काढायचंच असेल तर खालच्या पापणीची रेघ वर भुवईच्या टोकाकडे चालू राहिली असती तर कुठे गेली असती, ते नजरेने ठरवा. त्या दिशेने दोन-तीन मिलिमीटर पेन्सिल पसरवा. आणि दोन्ही टोकं ठरवताना डोळे उघडे ठेवून सरळ आरशात बघा. मिटलेल्या डोळ्यावर बरोबर दिसणारं टोक उघडल्यावर भलतीकडेच जातं.

वॉटरलाइनबद्दल, म्हणजे केसांच्या आतल्या ओलसर काठावर काजळ भरण्याबद्दल, माझं मत थोडं कडक आहे. त्या काठावर तेलग्रंथींची बारीक तोंडं ओळीने असतात. त्यांतलं तेल अश्रूंच्या थरावर पसरतं आणि डोळा कोरडा पडू देत नाही. तिथे रोज मेण आणि रंग थापला तर तोंडं बुजू शकतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेन्सिल केसांच्या बाहेर आणि आत अशी दोन्हीकडे लावून पाहिली होती. आत लावली तेव्हा पाच मिनिटांच्या आत १५ ते ३० टक्के जास्त कण अश्रूंमध्ये उतरले. लेन्स घालणाऱ्यांचं सकाळी अकराच्या सुमाराला धुरकट दिसणं पुष्कळदा इथूनच येतं. कधीमधी हौस म्हणून आत काजळ भरायला हरकत नाही, पण रोजच्या घाईत बाहेरच्या ठिपक्यांवर भागवा. आणि घटक छापलेले नाहीत असं सुटं काजळ किंवा सुरमा डोळ्याजवळ आणूच नका. पारंपरिक सुरम्याच्या कित्येक प्रकारांत गॅलिना, म्हणजे शिशाचं सल्फाइड असतं.

खालच्या पापणीला सकाळी पेन्सिल नको. दुपारपर्यंत तीच काळी वर्तुळं होऊन खाली येते.

कर्लर आणि मस्कारा

पाच मिनिटांत सगळ्यांत जास्त फरक कशाने पडत असेल तर तो कर्लरने. बऱ्याच जणी त्याला घाबरतात आणि तो अवजारासारखा दिसतो हेही खरं. केस खाली वळलेले असतील तर मस्काराचे तीन थर दिले तरी डोळा उघडत नाही, आणि नुसता कर्लर फिरवला तर मस्काराशिवायही उघडतो. रबराची पट्टी मुळाजवळ न्या, कातडी सापडली नाही ना हे हलकेच दाबून पाहा, मग पाच-सहा सेकंद दाबून धरा. पुन्हा केसांच्या मध्यावर नेऊन तीन सेकंद. ओढायचं अजिबात नाही. दोन्ही डोळे मिळून ३० सेकंद.

नियम एकच: कर्लर आधी, मस्कारा नंतर. वाळलेल्या मस्कारावर कर्लर लावला तर केस रबराला चिकटतात आणि तुटून हातात येतात. गेलेला केस परत पूर्ण वाढायला महिने लागतात. रबर चिरलं किंवा खाच पडली की लगेच बदला.

आता मस्कारा, एक मिनिट. दांडी नळीत वरखाली आपटू नका. फार पूर्वी मस्काराची वडी मिळायची आणि ओल्या ब्रशने घासून तो लावावा लागायचा. नळीतच बुडलेली दांडी १९५०च्या दशकाच्या अखेरीस आली, हेलेना रुबिनस्टीन यांच्या कंपनीचा ‘मस्कारा-मॅटिक’. सोय मोठी झाली, पण सोबत ही आपटायची सवयही लागली. आपटल्याने आत हवा जाते आणि मस्कारा लवकर वाळतो. दांडी गोल फिरवून बाहेर काढा, टोकाला जमलेला गोळा टिश्यूला पुसा. हा टिश्यूचा एक सेकंद नंतरची दोन मिनिटं वाचवतो.

खाली बघा. ब्रश मुळाशी टेकवा, तिथेच डावी-उजवीकडे किंचित डुलवा आणि मग वर ओढत न्या. रंग मुळाशी जास्त आणि टोकाशी कमी बसायला हवा, कारण टोकं जड झाली की वळण उतरतं. बाहेरच्या कोपऱ्यातले केस बाहेरच्या दिशेने, आतले नाकाकडे. एक डोळा, मग दुसरा, मग पहिल्याचा दुसरा थर. मधे पूर्ण वाळू दिलं तर दुसरा थर गुठळ्या करतो. खालच्या केसांना ब्रशवर उरलेलं लावलं तर लावलं, नाहीतर सोडून द्या. मी सोडते.

एकदा डाव्या डोळ्याचा मस्कारा झाला आणि दाराची बेल वाजली. उजवा राहिलाच. दुपारी हात धुताना आरशात दिसलं तेव्हा आधी घाम फुटला. मग आठवलं की सकाळपासून दोन मीटिंगा आणि एक वाढदिवसाचा केक झाला, कुणी ब्र काढला नव्हता.

पाच मिनिटंही नसतील तेव्हा

एक मिनिट असेल तर कर्लर आणि मस्काराचा एक थर. दोन असतील तर भुवया त्यात घाला. तीन असतील तर क्रीम स्टिक. पेन्सिल सगळ्यांत शेवटी येते, आणि हे माझ्याही मनाला पटायला वेळ लागला, कारण मी काजळावर वाढलेली. पण घाईत लावलेलं काजळ सकाळी जितकं देतं तितकं दुपारी काढून घेतं.

चालत्या गाडीत मात्र मस्कारा किंवा पेन्सिल नको. एक खड्डा पुरतो. दांडी डोळ्यात जाऊन होणारी जखम क्षुल्लक नसते. भुवया आणि क्रीम शॅडोसुद्धा गाडी थांबलेली असतानाच.

डोळ्याची ठेवण, चष्मा, वय

भुवईखालची कातडी घडीवर उतरलेली असेल तर डोळा उघडल्यावर पापणी दिसतच नाही आणि मेहनत आत गडप होते. अशा वेळी शॅडो डोळे उघडे ठेवून, सरळ बघत लावा आणि खऱ्या घडीच्या थोडी वर संपवा. पेन्सिल पातळच ठेवा. जाड रेघ उरलेली जागाही खाते. मस्कारा वरच्या कातडीला टेकून डाग पाडत असेल तर तुमच्यासाठी पुढे सांगितलेला ट्यूबिंग मस्काराच योग्य.

मायनस नंबरच्या चष्म्यातून डोळे लहान दिसतात. तिथे कर्लर, पापणीच्या मध्यावर फिकी चमक आणि नीट भुवया यांवर भर द्या. प्लस नंबरचा चष्मा डोळा मोठा करून दाखवतो, आणि सोबत प्रत्येक गुठळी, प्रत्येक वाकडी कडही. तिथे मॅट रंग आणि मस्काराचा एकच नीट विंचरलेला थर बरा. दोन्हींत पापण्यांचे केस काचेला लागत असतील तर लांबी वाढवणारा मस्कारा घेऊ नका, वळण पुरतं. चष्म्याची जाड फ्रेम भुवया झाकत असेल तर त्या पायरीवर वेळही घालवू नका.

चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसायला लागतं आणि चष्मा घालून डोळ्यांना मेकअप करता येत नाही, ही खरी पंचाईत. यासाठी एकेक काच खाली पाडता येणारे मेकअपचे चष्मे मिळतात: एका डोळ्याने बघायचं, दुसऱ्याला लावायचं. नाहीतर पाचपट मोठं दाखवणारा आरसा घ्या. दहापट नको. त्यात डोळ्याचा एकच कोपरा दिसतो आणि आपण तो कोपरा रंगवत बसतो.

दुपारी पांडा का होतो

पेन्सिल आणि साधा मस्कारा यांत मेण असतं, आणि मेण तेलात विरघळतं. त्वचेचं तेल, डोळ्यांखाली लावलेलं क्रीम, ओशट सनस्क्रीन, सगळे मिळून रंग खाली उतरवतात. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा डोळे मिचकावतो, तेव्हा प्रत्येक वेळी थोडं घासलं जातं. उपाय फार नाहीत पण ते चालतात. डोळ्यांचं क्रीम केसांच्या मुळाशी न लावता बोटाला लागणाऱ्या हाडाच्या कडेवर लावा, ते आपोआप वर सरकतं. कन्सीलर लावल्यावर डोळ्यांखाली पावडरचा अगदी पातळ हात द्या. पेन्सिलच्या ठिपक्यांवर त्याच रंगाची पावडर शॅडो दाबली तर ती मेणाला धरून ठेवते.

मस्काराच खाली उतरत असेल तर वॉटरप्रूफकडे धाव घेण्याआधी ट्यूबिंग मस्कारा वापरून पाहा. त्यातलं पॉलिमर प्रत्येक केसाभोवती बारीक नळीसारखं आवरण करतं. त्याला तेल फारसं विरघळवू शकत नाही, त्यामुळे ते पसरत नाही. रात्री कोमट पाण्याने भिजवून हलकेच ओढलं की त्या नळ्या तशाच्या तशा सुटून येतात. पहिल्यांदा बेसिनमध्ये त्या पाहिल्या तेव्हा केसच गळाले की काय म्हणून मी हबकले होते. वॉटरप्रूफ पाण्यापुरता ठीक असतो, पण काढायला तेल आणि रोजची घासाघीस लागते. तो पावसासाठी आणि पोहण्यासाठी ठेवा.

चुकलं तर

मस्काराचा ठिपका पापणीवर पडला तर हात लावू नका. ओला पुसला की आयशॅडोसकट पसरतो. अर्धा मिनिट वाळू द्या, मग कोरड्या इअरबडने गोल फिरवत खरवडा, भुगा होऊन निघतो. पेन्सिल बाहेर गेली तर इअरबडच्या टोकाला थेंबभर मायसेलर वॉटर (मेकअप पुसायचं पाणी) किंवा मॉइश्चरायझर घेऊन कड पुसा आणि वर कन्सीलरचा ठिपका. गुठळ्या झाल्या तर स्वच्छ, कोरडा भुवयांचा ब्रश मस्कारा ओला असतानाच केसांतून काढा. भुवई गडद झाली तर तोच ब्रश उलटसुलट फिरवा, पेन्सिलची भुकटी मोकळी होऊन रंग उतरतो.

एका डोळ्याला जास्त लागलं तर दुसऱ्याला वाढवू नका. जास्त झालेलं कमी करा. माझी ती चार मिनिटं इथेच गेली होती.

काय कधी टाकून द्यायचं, आणि रात्री काय

मस्कारा तीन महिन्यांनी टाका, नळीत कितीही उरला असो. ब्रश केसांना लागतो, पुन्हा ओल्या अंधाऱ्या नळीत जातो; जंतूंना याहून चांगली जागा कुठली? उघडल्याची तारीख नळीवर पेनाने लिहून ठेवा. वाळला म्हणून पाणी घालू नका, थुंकी तर नाहीच. डोळे आले किंवा रांजणवाडी झाली तर त्या दिवसांत डोळ्यांना काही लावायचं नाही आणि त्याआधी वापरलेला मस्कारा आणि काजळ सरळ केरात. मैत्रीण असो की बहीण, डोळ्यांच्या वस्तू उसन्या द्यायच्या-घ्यायच्या नाहीत. ब्रश आठवड्यातून एकदा सौम्य साबणाने धुवा आणि आडवे ठेवून वाळवा. उभे ठेवले तर पाणी मुळात उतरतं आणि डिंक सुटून केस गळायला लागतात. कर्लरचं रबर रोज टिश्यूने पुसलं तरी पुरे.

रात्री कितीही दमलेल्या असलात तरी मेकअपसकट झोपू नका. रिमूव्हर तेल आणि पाणी असा दोन थरांचा असेल तर बाटली हलवून कापसावर घ्या, मिटलेल्या डोळ्यावर ठेवा आणि वीस सेकंद काहीच करू नका. मनात वीसपर्यंत मोजा. रंग सुटायचं काम त्या वीस सेकंदांत होतं. मग कापूस वरून खाली, केसांच्या दिशेने, एकदाच ओढा. उरलेलं मुळाशी असतं, ते इअरबडने. नंतर कोमट पाण्याने चेहरा धुवा, नाहीतर तो तेलकट थर सकाळपर्यंत राहतो आणि उद्याची पेन्सिल त्यावरून घसरते.

आणि पुसून झालं की पेन्सिलला टोक करून छोट्या पाऊचमध्ये टाका.